बरं, पण कोणासाठी?

बडोद्याच्या उत्तर टोकाला असलेल्या छाणीची जैन समाजात ओळख आहे ती दीक्षांचं गाव म्हणून. पाटण आणि जेसलमेरच्या ज्ञानभांडारांतली हस्तलिखितं लावून त्यांच्या सूच्या करणारे मुनी पुण्यविजयजी यांनी १९०९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, इथेच दीक्षा घेतली. त्यांच्या परंपरेत स्वाध्यायाची पाच अंगं मानतात. वाचनेच्या पाठोपाठ येते पृच्छना, म्हणजे प्रश्न विचारणं. पाठांतर, मनन आणि उपदेश त्यानंतर.

म्हणूनच गटचर्चा घेणाऱ्याने भगवतीसूत्र हे जैन आगम एकदा तरी चाळावं. परंपरेच्या मोजणीप्रमाणे त्यात छत्तीस हजार प्रश्न आहेत. कौशांबीची जयंती नावाची श्राविका महावीरांना विचारते, झोपलेलं बरं की जागं? ते एका शब्दात उत्तर देत नाहीत. अधर्माने वागणारे झोपलेले बरे, धर्माने वागणारे जागे बरे.

बैठका बिघडतात त्या नेमक्या इथेच. ‘हे की ते’ असा प्रश्न टाकला की माणसं दोन बाजूंना बसतात आणि पुढचा तासभर आपापली बाजू राखतात. ‘कोणासाठी?’, ‘कधी?’ असं विचारलं की तोच माणूस दोन्हीकडचं बोलू लागतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं. अशा पुरानंतर सोसायटीच्या सभेत ‘चूक कोणाची?’ असं विचारलं, तर आरोपांपलीकडे काही हाती लागत नाही. ‘तुमच्या दारात पाणी किती वाजता आलं, कुठल्या बाजूने?’ याला मात्र तळमजल्यावरच्या आजीही उत्तर देतात; आणि त्यांच्याइतकं नेमकं कोणालाच ठाऊक नसतं.

प्रश्नानंतर थांबायलाही हवं. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी वर्गांमध्ये पाहिलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट पाहतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. ‘कोणाला काही शंका?’ असं विचारून लगेच वही मिटणाऱ्याला खरं तर काही ऐकायचंच नसतं.

प्रश्नांना अशी मोकळी जागा देण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात फक्त विचारायचं, समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. मत द्यायचं दडपण नसल्यामुळे अडाणी वाटेल असा प्रश्नही तिथे निर्धास्त विचारता येतो. ही फारकत प्रत्येक संस्थेने उचलावी इतकी मोलाची आहे.

२००९ मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू अडलाच. १९२७ चा वन कायदा त्याला झाड मानत होता आणि २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपज. ‘झाड की गौण वनोपज’ या वादात शिरलं असतं, तर गाव तिथेच अडकलं असतं. गावाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होता, वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा? २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.