उशिराचे गणित

शिरूरच्या घरी माझ्या कपाटात एक अपुरा प्रबंध आहे. त्यामुळे ‘मागे पडणे’ या क्रियापदाशी माझा परिचय जुना. मागे पडला तो कुवतीने कमी, असे आपण सहज गृहीत धरतो. मीही धरीत आलो. या समजुतीला पहिला धक्का दिला तो एका चिपच्या इतिहासाने.

हकिगत पुण्याशी निगडित आहे. अमेरिकेने शक्तिशाली क्रे संगणक नाकारल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्याच्या पोटात ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. प्रोसेसर, थोडी स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्याचे चार दुवे, हे सारे एकाच चिपवर. एकट्याने बलाढ्य होण्यापेक्षा अनेकांनी मिळून काम करावे, ही त्यामागची कल्पना. १९८७ चा टी८०० अपूर्णांकांचे गणितही त्याच चिपवर करी, आणि त्या काळात तो वेगवान गणला जाई.

मग तो मागे का पडला? या व्यवसायात आजच्या चिपची विक्री उद्याच्या चिपचा खर्च भागवते. इंटेलच्या पाठीशी पीसीचे अफाट गिऱ्हाईक होते. १९७८ साली ब्रिटिश सरकारच्या पैशावर सुरू झालेली इन्मॉस मात्र १९८४ मध्ये थॉर्न ईएमआयकडे आणि १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली. अशा स्थितीत १९९१ मध्ये तिने टी९००० जाहीर केला: टी८०० च्या दहापट वेगाचा. नवी अंतर्गत रचना, मोठी कॅशे, नवे दुवे, शिवाय जुन्या आज्ञावल्याही चालल्या पाहिजेत! सारे एकदमच साधायचे होते. चिप रखडली, आणि आली तेव्हाही योजलेला वेग तिला गाठता आला नाही. दरम्यान १९९२ मध्ये अल्फा आणि १९९३ मध्ये पेन्टियम येऊन गेले होते.

दौंडला मी काही वर्षे शिकवायला जात असे. मनमाडकडून पुण्याला निघालेली गाडी तिथे थांबे, इंजिन सुटे आणि दुसऱ्या टोकाला जोडले जाई. (कॉर्ड मार्ग झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचा हा खोळंबा टळला आहे.) फलाटावर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन किती ताकदीचे, या प्रश्नाला तेवढ्या वेळापुरता काही अर्थ नसे. टी९००० चेही असेच झाले. वेग दोन ठिकाणी मोजला जातो: चिपच्या घड्याळात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत. इन्मॉस हरली ती मुख्यतः दुसऱ्या ठिकाणी.

पुण्यातील अभियंते अर्थातच थांबले नाहीत. ‘परम ८६००’ मध्ये मुख्य आकडेमोड इंटेलच्या आय८६० कडे गेली, ट्रान्सप्यूटर सोबतीला राहिले. १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये स्पार्क प्रोसेसर आले. अनेकांनी मिळून काम करण्याची कल्पना मात्र टिकली. आज आपल्या खिशातल्या फोनमध्येही एकाहून अधिक गाभे असतात. इन्मॉसला अर्थात त्याचा काही उपयोग नाही.

माझा प्रबंधही मला एकदमच सारे साधणारा हवा होता: ग्रामीण कादंबरी, बोली, जात्यावरच्या ओव्या, आणि दर दोन वर्षांनी मराठीत येणारी नवी समीक्षादृष्टी. प्रत्येक नव्या ग्रंथागणिक मी पहिले प्रकरण पुन्हा उघडले. माझ्यामागून नोंदणी केलेल्यांचे प्रबंध छापून निघाले. त्यांतले काही सामान्य होते, पण ते वाचकांच्या हाती होते. मी वर्षानुवर्षे त्यांच्या सामान्यपणावर बोट ठेवत राहिलो आणि स्वतःच्या उशिराला चोखंदळपणा म्हणत राहिलो.

घोडनदीकाठच्या ओव्यांवरचे प्रकरण त्यातल्या त्यात पुरे आहे. ज्या बायकांनी त्या मला सांगितल्या, त्यांतल्या बहुतेक आता नाहीत. उरलेल्या प्रकरणांची वाट न पाहता तेवढेच छापायला देण्याचे ठरवले आहे.