तेलातुपाचा हिशेब

चोरी पचली म्हणजे चोर सुटला, असा लोकांचा समज आहे. आमची एक चोरी पोटाला उत्तम पचली. मनाला मात्र ती अद्याप पचलेली नाही.

तीन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आम्ही त्या वेळी सातवीत होतो. आमची ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, खानवेलला आली होती. श्रावण महिना, साकरतोड नदी दुथडी भरून वाहत होती, आणि सिल्वासाकडून येणाऱ्या गाड्या चिखलाने माखून गावात शिरत होत्या. ताईला मुलगा झाला. दहाव्या दिवशी आजीने पदर खोचला आणि डिंकाचे लाडू करावयास घेतले. डिंक तुपात फुलवण्याचा तो चटचट आवाज, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास, खारकेची पूड, खसखस, गूळ! आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तो सोहळा पाहत होतो. अर्धा किलो तूप लागले आणि लाडू झाले मोजून चाळीस. आजीने ते पितळी डब्यात भरले, डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवला, आणि आमच्याकडे न पाहताच म्हणाली, "हे बाळंतिणीचे आहेत हो!"

त्या चाळिसांपैकी अकरा लाडू आम्ही खाल्ले. एकदम नव्हे, रोज एक, फार तर दोन. डबा हलका होऊ लागला तेव्हा आजीने आधी मुंग्यांवर संशय घेतला. पण मुंग्या काही झाकण परत लावून जात नाहीत, हे तिच्या लवकरच ध्यानात आले. तिने आम्हांला विचारले. आम्ही मान खाली घातली. ताई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, ती हसून म्हणाली, "असू दे ग आजी, वाढत्या अंगाचा आहे तो." आणि प्रकरण तेथेच मिटले.

ते पुन्हा उघडले गेल्या वर्षी, आमच्या नववीच्या वर्गात. विज्ञानाचे गुरुजी आहार हा विषय शिकवीत होते. पिष्ठ पदार्थाच्या अथवा प्रथिनाच्या एका ग्रॅमपासून शरीराला ४ उष्मांक मिळतात, तर स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून ९, एवढे आम्हांला पाठ होते. पण गुरुजींनी फळ्यावर एक कोष्टक लिहिले. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचे मूळ १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी सुरू केलेल्या संशोधनात असून १९५८ साली ती हैदराबादेस आली. या संस्थेने भारतीय माणसाला रोज वरून घातलेले तेलतूप किती असावे, याची प्रमाणे सांगितली आहेत. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २५ ग्रॅम, मध्यम श्रमाच्या पुरुषाला ३०, अंगमेहनत करणाऱ्याला ४०. स्त्रियांना अनुक्रमे २०, २५ आणि ३०. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती : गर्भवती व अंगावर पाजणारी माता, ३० ग्रॅम.

वर्गातील मुलांना पहिला भाग आवडला. "म्हणजे गुरुजी, बायकांना कमीच लागते!" असे मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालेही. मुलींच्या बाजूने एकदम कुजबुज झाली. गुरुजी म्हणाले, "आडवे वाचू नका, तिरपे वाचा." आम्ही तिरपे वाचले. शेतात राबणाऱ्या बाईचे ३०. कचेरीत बसणाऱ्या पुरुषाचे २५. खानवेलच्या मुलास हे चित्र शोधायला दूर जावे लागत नाही. जुलै महिन्यात रस्त्याच्या दोहों बाजूंच्या खाचरांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकून भाताची लावणी करणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया बाया आपण सर्वच पाहतो.

फरक जो आहे तो मुख्यतः देहाच्या आकाराचा आणि श्रमाचा आहे. संस्थेने हिशेबासाठी पुरुष ६५ किलोचा धरला आहे आणि स्त्री ५५ किलोची. लहान देहाला एकंदर अन्नच कमी लागते, म्हणून तेलही कमी. अन्नातून मिळणाऱ्या एकूण उष्मांकांत स्निग्ध पदार्थांचा वाटा किती असावा, हे प्रमाण दोघांना जवळजवळ सारखेच आहे.

परंतु शरीराच्या आत मात्र कथा निराळी आहे, आणि ती ऐकून आम्ही चकित झालो. पुरुषाला जगण्यासाठी जी किमान चरबी अंगावर असावीच लागते, ती वजनाच्या सुमारे ३ टक्के; स्त्रीला सुमारे १२ टक्के. म्हणजे ५५ किलोच्या बाईच्या अंगावर साडेसहा किलोंची ठेव निसर्गानेच ठेवलेली असते. ही ठेव कमरेवर व मांड्यांवर साठते, आणि तिचे खरे कारण मूल आहे. आईचे दूध दिवसाला सुमारे पाऊण लिटर धरले, तर त्यातून २५ ते ३० ग्रॅम स्निग्धांश बाळाच्या पोटात जातो. दुधातील जवळजवळ निम्मे उष्मांक त्यातूनच येतात. तान्ह्या बाळाचा मेंदू घडतो तो ज्या सूक्ष्म स्निग्धाम्लांवर, त्यांतील काही भाग या जुन्या ठेवीतूनच काढला जातो. जवस, अळीव अशांतून मिळणाऱ्या साध्या स्निग्धाम्लापासून मेंदूला हवे असलेले स्निग्धाम्ल बनवण्याचे कामही स्त्रीचे शरीर पुरुषापेक्षा अधिक चांगले करते. ठेव फारच आटली, खाणे फार तुटपुंजे झाले, तर मुलींची पाळी थांबते. शरीर जणू सांगते की, सध्या पाहुणा नको.

गुरुजी हे सांगत होते आणि आम्ही वहीच्या मागल्या पानावर गुपचूप एक भागाकार करीत होतो. पाचशे ग्रॅम तूप, भागिले चाळीस : लाडवास साडेबारा ग्रॅम. गुणिले अकरा : १३७ ग्रॅमांहून थोडे अधिक. भागिले तीस : साडेचार दिवस. आम्ही ताईच्या ताटातील साडेचार दिवसांचे तूप खाल्ले होते! खोबऱ्याचे तेल त्यात धरलेलेच नाही. (डिंकात मात्र स्निग्धांश मुळीच नसतो, लाडवाचा स्निग्धपणा सारा तुपाखोबऱ्याचा, नाव मात्र डिंकाचे.) बाळाचे दूध त्यामुळे कमी झाले नसेल, कारण आईचे शरीर बाळाला सहसा उपाशी ठेवत नाही, ते स्वतःच्या ठेवीतून देते. सासरी परत जाताना ताईच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या, हे आम्हांला तेव्हा आठवले. दोष सारा त्या अकरा लाडवांचाच होता असे नव्हे. पण त्यांचाही होता.

त्या दिवसापासून घरातील तेलातुपाकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. आमच्या घरी आजी, वडील, आई, धाकटी बहीण आणि आम्ही अशी पाच माणसे. महिन्याला तीन लिटर तेल येते, म्हणजे सुमारे २,७३० ग्रॅम. आणि अर्धा किलो तूप. एकूण भागिले तीस, भागिले पाच : माणशी रोज साधारण २१ ग्रॅम. हिशेब वाईट नाही. पण सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. तूप वाढते आजी. आमच्या भातावर दोन चमचे, वडिलांच्या भातावर एक, बहिणीच्या भातावर अर्धा. आणि आईच्या वाट्याला तुपाची वाटी, तीही पुसून घ्यावयाची.

तेलाचे काय? ते तर भाजीआमटीत शिजलेले, ते सर्वांना सारखेच मिळत असणार, असे आम्हांस वाटत होते. एके रात्री आम्ही प्रयोग केला. आमटीची पहिली पळी काचेच्या एका पेल्यात घेतली. सर्वांची जेवणे होऊन आई बसली तेव्हा तिच्या वाटीतली एक पळी दुसऱ्या पेल्यात घेतली. आणि दोन्ही पेले ओट्यावर ठेवून दिले. अर्ध्या तासाने पाहिले. पहिल्या पेल्यावर लाल तवंगाचा चांगला जाड थर होता. दुसऱ्यावर चार-दोन ठिपके तरंगत होते. तेल पाण्यावर तरंगते हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु जो आधी जेवतो त्याला तवंग आणि जो शेवटी जेवतो त्याला गाळ, हा त्याच नियमाचा पुढचा भाग आहे, हे आमच्या डोक्यात कधी आले नव्हते.

आजी म्हणाली, "आता माझ्या स्वयंपाकाची परीक्षा घेतोस की काय रे?"

आम्ही म्हणालो, "नाही आजी, वाढण्याची."

आजी रागावली नाही. पेल्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. तिचे लहानपण याच मुलखात गेलेले. १९५४ साली हा प्रदेश पोर्तुगिजांच्या हातून सुटला तेव्हा ती कोवळी पोर होती. ती सांगू लागली : तेव्हा पिशवीतले तेल कोठले? डोंगरउतारावर खुरासणी पिवळ्या फुलांनी फुलायची. तिचे तेल घाणीवर काढायचे. मोहाच्या बियांचे तेल असायचे, ते थंडीत थिजून जायचे आणि निखाऱ्याशी धरून पातळ करावे लागायचे. (खुरासणीचे तेल तसे थिजत नाही, मोहाच्या तेलात संपृक्त स्निग्धाम्ले बरीच आहेत, खुरासणीत फार कमी, हे आम्ही तिला सांगितले. तिने ते कानामागे टाकले.) "आमची आई तर तेलाच्या भांड्याला बोटसुद्धा लावायची नाही," आजी म्हणाली. "नऊ बाळंतपणं झाली तिची." एवढे बोलून ती उठली.

दुसऱ्या दिवसापासून आमटी तळापासून ढवळून वाढली जाऊ लागली. तुपाचा चमचा मात्र आजीच्या हातून अजून आमच्या भातावर दुसऱ्यांदा येतोच. तो आम्ही बहिणीच्या ताटाकडे वळवतो आणि रोज थोडी झटापट होते. वडील कचेरीत बसतात, आई दोन वेळचे पाणी, धुणे, दळण, परसातली भाजी एवढे सारे सांभाळते. कोष्टकाप्रमाणे दोघांचेही २५ ग्रॅमच होतात. वडिलांना हे ऐकवले तेव्हा त्यांनी पानातला तिसरा वडा निमूटपणे आईच्या पानात सारला. त्यांच्या वयाला तो तसाही नकोच होता. जादा तेलतूप स्त्रीपुरुष दोघांच्याही हृदयाला वाईटच; रोहिणींचा विकार बायकांना सहसा उशिरा गाठतो, पण पाळी गेल्यावर ते संरक्षण ओसरत जाते, म्हणून आजीचा वडाही एकच ठेवला आहे. शाळेतल्या मध्यान्ह भोजनात मात्र हा तंटाच नाही : पाचवीपर्यंत प्रत्येकी ५ ग्रॅम तेल, सहावी ते आठवीपर्यंत साडेसात, मुलगा असो की मुलगी.

राहिली चोरी. गेल्या दिवाळीत आम्ही आजीला शेजारी बसवून स्वतः डिंकाचे लाडू वळले. अकरा. तीन फुटले, ते पुन्हा वळले. तूप मोजून १३८ ग्रॅम घातले. डबा ताईच्या सासरी पाठवला आणि सोबत चिठ्ठी लिहिली की, हे तुझेच आहेत. भाचा आता धावतो, बोलतो. ताईला त्या लाडवांची निकड होती ते दिवस केव्हाच गेले, हे आम्हांस समजते. चार दिवसांनी तिचा दूरध्वनी आला. लाडू फार चांगले झाले होते म्हणाली. तिला किती मिळाले, असे आम्ही खोदून विचारले तेव्हा ती हसू लागली. भाच्याने दोन खाल्ले, सासूबाईंना दोन दिले, आणि मेव्हण्यांनी पाच संपवले होते.

नऊ लाडू अजून देणे आहेत.