होता तोच आवाज

चांगल्या आवाजासाठी दर वेळी नवं यंत्र घ्यावं लागतं, ही समजूत आमच्या फुलचूरच्या घरात कधी रुजली नाही. बाबूजी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये हिशेब लिहायचे. पगार बेताचा आणि गाण्याचं वेड मोठं. त्यामुळे घरात जे यंत्र आलं ते राहिलं, त्याचे भाग बदलत गेले आणि त्याच्या सोबतीनं आमचे कानही तयार होत गेले. आज मागे पाहताना जाणवतं, आम्ही आवाजात भर अशी फार थोडी घातली. आवाज आणि कान यांच्या मध्ये जे जे येऊन बसलं होतं, ते एकेक करून बाजूला केलं.

पहिला आला एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर, पेटीसारखा मिटणारा, एकाच स्पीकरचा. बाबूजी तबकडी कडेनं धरत, मऊ कापडानं गोल गोल पुसत आणि सुई झिजायच्या आत बदलत. सणाच्या कपड्यांत काटकसर होई, सुईत नाही. त्यामागचं कारण मला पुढे उमगलं. बोथट सुई खाचेच्या भिंती खरवडते. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं, पण तबकडीवर उमटलेला ओरखडा कुठलंही महागडं यंत्र पुसू शकत नाही. आवाज जिथे पहिल्यांदा उचलला जातो तिथे आधी लक्ष द्यायचं, हा क्रम मी त्यांच्याकडून घेतला.

स्टिरिओ घरात आला तो १९८०च्या दशकात, कॅसेटच्या सोबतीनं. गोंदियाच्या बाजारातल्या एका मेकॅनिककाकांनी ‘थर्टी फिफ्टीफाइव्ह’ ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावून अॅम्प्लिफायर असेंबल करून दिला. ओळखीच्या सुतारानं सागाची दोन खोकी बांधली. त्यांत आठ इंची स्पीकर आणि वर लहानसे ट्विटर बसले. पहिल्या संध्याकाळी दोन खोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथे काहीच नव्हतं, तिथून गायकाचा आवाज आला. तबला एका बाजूला, संवादिनी दुसऱ्या बाजूला. आई स्वयंपाकघरातून येऊन दोन्ही खोक्यांच्या मध्ये पाहू लागली.

ही किमया लंडनच्या ईएमआय कंपनीतल्या ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्यानं १९३१ साली पेटंटच्या अर्जात मांडली होती. दोन कानांसाठीचे दोन आवाज एकाच खाचेत कोरायचे, एक भिंत डाव्यासाठी आणि एक उजव्यासाठी. अशा तबकड्या बाजारात सर्रास यायला १९५०च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. कॅसेटच्या फितीत खाच नसते, तिथे दोन आवाज शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत असतात. विचार मात्र तोच.

पुढे १९९०च्या दशकात दुकानांत चकचकीत म्युझिक सिस्टिम आल्या. त्यांच्यावर हजारो वॅटचे आकडे छापलेले असत आणि पुढे ‘पीएमपीओ’ ही चार अक्षरं. सलग वाजताना मिळणाऱ्या ताकदीशी त्या आकड्याचा फारसा संबंध नसे. कानाचा हिशेब वेगळा आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, आणि तो दुप्पट मोठा वाटावा म्हणून वीज साधारण दहापट लागते. हे समजून घेतल्यावर आमचा असेंबल केलेला अॅम्प्लिफायर आम्हाला कधीच कमी वाटला नाही.

त्याच यंत्राची खरी परीक्षा घर बदललं तेव्हा झाली. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. शहर पसरत फुलचूरला येऊन भिडलं. आमच्याही घराचे कवेलू उतरले, मातीच्या भिंती गेल्या, वर स्लॅब पडला आणि खाली गुळगुळीत फरशी आली. यंत्र तेच, कॅसेट त्याच, पण आवाज ओळखू येईना. डग्गा घुमायचा आणि शब्द भिंतींवर आपटून एकमेकांत मिसळायचे. मी काकांना घरी बोलावलं. त्यांनी अॅम्प्लिफायरला हातही लावला नाही. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली आणि म्हणाले, “बाबू, अर्धा आवाज खोक्यात असते, अर्धा खोलीत. तुह्या खोलीचं काम हाय.”

मातीची भिंत, सारवलेली जमीन आणि कवेलूंच्या फटी मिळून पूर्वी आवाज शोषून घेत, बाहेर जाऊ देत. सिमेंट तो जसाच्या तसा परत फेकतं. शिवाय प्रत्येक खोलीचा स्वतःचा असा एक स्वर असतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगते, आणि तिच्या दुप्पट, ९४ हर्ट्झचीही. डग्ग्याची आस नेमकी याच भागात असते. आम्ही खोकी कोपऱ्यातून बाहेर काढली, कारण कोपरा खर्ज वाढवतो. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले. दोन खोकी आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधला. फरशीवर जाड सतरंजी अंथरली, मागच्या भिंतीवर थोडं अंतर सोडून आईनं शिवलेल्या गोधड्या टांगल्या. आजवर केलेल्या बदलांत सर्वांत मोठा फरक याच बदलानं पडला, आणि त्याला जवळपास काहीच खर्च आला नाही.

मग वय बोलू लागलं. आमच्याकडचा उन्हाळा पारा ४५पर्यंत नेतो, आणि अॅम्प्लिफायरमधले मोठे कंडेन्सर उष्णतेत आटत जातात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. वीजपुरवठा गाळून सपाट करणं हे त्यांचं काम. ते थकले की आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेची दुप्पट, शंभर हर्ट्झची घरघर गाण्यामागे ऐकू येऊ लागते. ते बदलले आणि अॅम्प्लिफायर बंद शोकेसमधून उघड्यावर आणला. पावसाळ्यातल्या दमट हवेनं स्पीकरच्या कडेचा फोम भुसभुशीत झाला होता; तो काढून रबराची कड चिकटवली. व्हॉल्यूमच्या बटणात हवेतली बारीक धूळ बसून खरखर यायची; ती क्लीनरच्या फवाऱ्यानं गेली. दर दुरुस्तीनंतर मी तीच एक ओळखीची कॅसेट लावायचो. गाणं पाठ असेल तरच बदल कळतो.

या सगळ्या खटपटीचं मोल मला सर्वांत जास्त कळलं ते बाबूजी गेल्यानंतर. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर दंडार हे लोकनाट्य रंगतं. बाबूजी टू-इन-वन घेऊन जात आणि दंडार टिपून आणत. त्या कॅसेटींत ढोलकी होती, झांज होती, माणसांचा हलकल्लोळ होता, पण शब्द उमटत नव्हते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लाट फितीवर मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागात मावते. टिपणाऱ्या आणि वाजवणाऱ्या यंत्रांच्या हेडांचे कोन जुळले नाहीत, तर आधी जातात ते हेच उंच आवाज. स, श, च ही अक्षरं त्यांच्यावरच उभी असतात. मी हेड स्पिरिटनं पुसलं आणि त्याच्या शेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत गेलो. एका जागी झांजेला धार आली आणि तिच्यामागून शब्द मोकळे झाले. बाबूजींनी टिपलेलं सगळं फितीवर इतकी वर्षं शाबूत होतं.

नावाजलेल्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका कंपन्या पुन्हा काढतील, स्वच्छ करून विकतील. आमच्या मंडईतल्या दंडारीची फीत मात्र जगात एकच आहे. तिच्यासाठी कुणी नवी आवृत्ती काढणार नाही; ती नीट वाजवणारं जुनं यंत्र हीच तिची नवी आवृत्ती. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, घरातला डेक भंगारात देण्याआधी त्याचं हेड पुसा, कोन जुळवा, पट्टा बदला आणि आपल्या माणसांचे आवाज संगणकावर उतरवून ठेवा. मी त्या कॅसेटी २४ बिटमध्ये उतरवतो आहे. एखादा शब्द अजूनही लागला नाही, तर गावातल्या जुन्या दंडारकरांना बोलावून ऐकवतो. ते तो शब्द सांगतात, आणि फीत जिथे संपली तिथून पुढचं कडवंही म्हणून दाखवतात. ते मी वेगळं टिपून ठेवतो.