आधी फाड, मग शिव!

"वीकेंडला काय करतेस गं हल्ली?" परवा फोनवर कॉलेजच्या मैत्रिणीनं विचारलं. ट्रेकिंग, सालसा, गेलाबाजार एखादं पॉटरीचं वर्कशॉप, अशा उत्तराची तिची तयारी होती. मी म्हटलं, "कसाऱ्याला जाते. गोधडी शिवते."

पलीकडे पाच सेकंद शांतता. मग, "म्हणजे... क्विल्टिंग?"

हो बाई, क्विल्टिंग! इंग्रजीत म्हटलं की हॉबी, मराठीत म्हटलं की आजीचं काम. असो.

आता खरं सांगायचं तर शिवणकाम आणि मी यांचा छत्तीसचा आकडा. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बटण लावायला दिलं होतं, तेही मी आईकडून लावून नेलं. पुढे मास कॉम केलं. बाराशे शब्दांत कुठल्याही विषयाची मोट बांधता यायला लागली, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की घाम. अशी मी गोधडीच्या नादाला लागले कशी, त्याची ही गोष्ट.

कसारा म्हणजे सेंट्रल रेल्वेच्या इंडिकेटरवरचं शेवटचं नाव. मुंबईकरांनी ते रोज वाचलेलं असतं, पाहिलेलं मात्र क्वचितच. कल्याणला लाइन फुटते. एक फाटा कर्जतकडे, दुसरा टिटवाळा, वाशिंद, आसनगाव, खर्डी करत आमच्या कसाऱ्याला. सीएसएमटीपासून साधारण १२० किलोमीटर, अडीच तास. माझ्या बाबांनी हा प्रवास २८ वर्षं केला. रोज. जाताना अंधार, येताना अंधार. शर्टाच्या खिशात पास, हातात डबा. स्टेशनचं नाव किती का बदलेना, ते शेवटपर्यंत 'व्हीटी'च म्हणायचे.

बाबा अचानक गेले. त्यांचे २३ शर्ट लोखंडी कपाटात राहिले. धुतलेले, इस्त्री केलेले. दिवाळीच्या आधी आईनं ते सगळे पुन्हा काढले, पुन्हा धुतले, पुन्हा इस्त्री केले आणि होते तसे ठेवून दिले. मी ठाण्याहून शनिवारी गेले होते. न राहवून म्हटलं, "आई, कुणाला तरी देऊन टाकू या ना. वापरात तरी येतील."

आई म्हणाली, "गाव केवढंसं आहे. उद्या स्टेशनवर कुणी त्या शर्टात पाठमोरा दिसला, तर मी काय करू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टीव्हीसमोर बसलेल्या आजीकडे होतं. बाबांची आई. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती एवढंच म्हणाली, "गोधडी कर."

आई उठून आत निघून गेली. विषय संपला.

म्हणजे मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं मला हाक मारली आणि सुई-दोरा पुढं केला. "हे ओवून दे. आणि तुझं काय जुनं-पानं हाये ते आण." म्हणजे शर्ट नाहीत तर नाहीत, सुरुवात तरी होऊ दे. मी माझे दोन जुने कॉटनचे कुर्ते आणि एक विरलेली चादर आणली. मला वाटलं, आता टाका शिकवणार. तर आजीनं कुर्त्याच्या काठाला कात्रीनं बोटभर चीर दिली, दोन्ही बाजू धरल्या आणि... टर्र! कापड एका रेषेत, धाग्याच्या वाटेनं फाटत गेलं.

"कात्री नुसती सुरुवातीला. पुढं कापडच वाट दाखवतं. फाडायला भ्यायचं नाय."

बॉस, पहिला धडा हा. शिवायचं नंतर, आधी फाडायचं. मला एक कुर्ता फाडायला पंधरा मिनिटं लागली. त्यात तो फर्स्ट सॅलरीचा होता!

मग एकेक गोष्ट कळत गेली. गोधडीला सुती कापडच लागतं. सिंथेटिक साडी आत घातली तर थर एकमेकांवरून घसरतात आणि घामही शोषला जात नाही. जितकं जास्त वेळा धुतलेलं कापड, तितकं चांगलं. ते आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग सोडायचा तेवढा सोडून झालेला असतो. म्हणून आजीची नऊवारी लुगडी आतल्या थराला सगळ्यात भारी. ही लुगडी आता संपत आलीत, कारण गेली काही वर्षं आजीसुद्धा घरात गाऊनच घालते. थर जमिनीवर अंथरायचे, सुरकुत्या हातानं सारून काढायच्या, कडेला वजन ठेवायचं, लांब कच्च्या टाक्यांनी सगळं धरून ठेवायचं आणि मग कडेपासून आत, गोल गोल, धावदोरा घालत मधोमध यायचं. टाका बारीक का? दिसायला सुंदर म्हणून नव्हे. "लांब टाक्यात झोपेत पायाचं बोट अडकतं," इति आजी. सगळा फंडा एकदम प्रॅक्टिकल.

माझी पहिली ओळ दोरा ओढून ओढून घातल्यामुळे चुणीदार झाली. आजीनं त्यावर नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाली, "उसव."

अजून एक गंमत. धुणं. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात, आणि मे महिन्यात आमच्याच गावापाड्यांवर टँकर. तेव्हा गोधडीसाठी काढलेल्या सगळ्या साड्या मी पिशवीत भरून ठाण्याला आणल्या आणि भाड्याच्या फ्लॅटमधल्या मशीनमध्ये धुतल्या. आमचंच पाणी, भेटायला ठाण्यापर्यंत यावं लागलं!

हळूहळू मी चौकोन जोडायचं काम लोकलमध्ये करायला लागले. लेडीज डब्यात मेथी निवडणाऱ्या, क्रोशा विणणाऱ्या बायका नेहमीच्या, त्यामुळे सुई-दोऱ्याचं कुणाला नवल नव्हतं. पण गोधडी म्हटल्यावर मात्र डबा बोलायला लागला. टिटवाळ्याच्या नर्सताई म्हणाल्या, पहिल्या बाळाच्या वेळी दुपटं शिवायला घेतलं, मुलगी आता दहावीत आहे आणि सवय काही सुटलेली नाही. आंबिवलीच्या बँकेतल्या मॅडमनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जुन्या बेडशीट्स कापल्या, कारण घरात दुसरं काही कापण्यासारखं उरलंच नव्हतं. (नवरा सोडून, हे त्यांचे शब्द!) आणि वाशिंदच्या एक काकू. त्यांच्या सासूबाई अर्धी गोधडी सोडून गेल्या. सुई तशीच कापडात टोचलेली. काकू म्हणाल्या, "सुई गंजली होती. ती बदलली आणि पुढं शिवायला घेतलं. त्याआधी सुई कधी धरली नव्हती."

'छंद म्हणून काहीतरी करू' असं ठरवून सुरुवात केलेली यात एकही नव्हती. घरात कापडाचा एक ढीग असतो, जो टाकवत नाही आणि वापरवतही नाही. गोधडीची सुरुवात तिथून होते. आणि सुरुवातीला मागून ढकलणारं कुणीतरी लागतं. कसाऱ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुढं थळ घाट आहे, ३७ मीटरमागे १ मीटर असा चढ. म्हणून इथं कित्येक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, ती गाडी ढकलत इगतपुरीपर्यंत नेतात आणि तिथं सुटतात. माझी बँकर आजी. काकूंची, त्यांच्या सासूबाई.

पत्रकार असल्यामुळे मला कशातही रिसर्च करायची खोड. बंगालमध्ये कांथा, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंड, सिंध-राजस्थानकडे रल्ली, आपल्याकडे खाली कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, तेव्हा कुठे लोक त्यांना कला म्हणायला लागले. आणि मग मला जीज बेंड सापडलं. अमेरिकेतल्या अलाबामामधलं हे छोटंसं गाव, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वंशजांचं. इथल्या बायकांच्या गोधड्यांचं २००२ मध्ये ह्यूस्टनमध्ये मोठं प्रदर्शन भरलं, २००६ मध्ये त्यांच्यावर पोस्टाची तिकिटं निघाली. त्यातली एक गोधडी १९४२ ची. मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं नवरा गेल्यावर त्याचे शेतावर घालायचे कपडे फाडून ती शिवली होती. त्याची आठवण म्हणून, आणि पांघरून झोपता यावं म्हणून.

हे मी एका रविवारी आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मोबाइलवर फोटोही दाखवला. आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "पँटी हायेत गं या," ती म्हणाली. "गुडघ्याची जागा बघ, रंग उडालेला नाय." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मघाशीच थांबला होता.

आई त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी गेले, तर कॉटवर एक शर्ट ठेवलेला. बारीक रेघांचा, सुती. सगळी बटणं आधीच कापून हॉर्लिक्सच्या बरणीत टाकलेली. "हा घ्या," आई म्हणाली. "याची कॉलर तशीही विरलीच होती."

आजीनं कात्रीनं चीर दिली. मला वाटलं, आता ती फाडणार. पण तिनं एक बाजू आईच्या हातात दिली आणि दुसरी स्वतः धरली. दोघींनी ओढलं. टर्र... कुणीच रडलं नाही. आई म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. आत मात्र बराच वेळ लागला चहाला.

सगळे शर्ट काही निघाले नाहीत. बाबांचे बरेचसे ऑफिसचे शर्ट टेरिकॉटचे, त्यातून सुई कुरकुरत जाते. ते कपाटातच आहेत, आणि त्यांना आम्ही हात लावणार नाही. सुती नऊ निघाले. वर बाबांचे नऊ शर्ट आणि माझे दोन कुर्ते, आत आजीची दोन लुगडी आणि आईची एक साडी. काम सात महिने चाललं. माझे टाके कुठले आणि आजीचे कुठले, हे लांबूनही ओळखता येतं. माझे नशेत चालल्यासारखे. एक खिसा मी काढायला निघाले होते, आजीनं अडवलं, "ऱ्हाऊ दे." तो तसाच आहे, डाव्या कोपऱ्यात.

थंडीत एका शुक्रवारी शेवटच्या लोकलनं घरी पोचले. आजीनं दार उघडलं. आई झोपली होती, गोधडी गळ्यापर्यंत घेऊन. त्या खिशात तिनं चष्मा ठेवला होता. बाबा पास ठेवायचे, तसाच.

सकाळी चहा पिताना आई माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलणार. ती म्हणाली, "त्या लाल कुर्त्याचं काय करणारेस?"

मी खाली पाहिलं. तो माझ्या अंगात होता.