इरकलचे घर

सिरुसेरीच्या संगणक-उद्यानातील काचेच्या इमारती मागे टाकून पूर्वेला खाडीपलीकडे गेले की मुट्टुकाडू लागते. तेथील ‘दक्षिणचित्र’ हे संग्रहालय 1996 साली खुले झाले. मूळ आराखडा लॉरी बेकर यांचा. येथे वस्तूंपेक्षा घरेच मोठी. दक्षिणेतील खेड्यापाड्यांत मोडीत निघालेली जुनी घरे उतरवून, त्यांचे खांब-तुळया आणून ती पुन्हा उभारली आहेत. चेट्टियार व्यापाऱ्याच्या घराचे खांब पाहून सारेच थबकतात. मी थांबलो तो इरकलच्या विणकराच्या दगडी घरापाशी.

आजीचे इरकली लुगडे पाहत वाढलेल्या मराठी माणसाला कर्नाटकातले हे गाव परके वाटतच नाही. लुगड्याच्या अंगाचा ताणा वेगळा, रेशमी पदराचा वेगळा. विणकर सुतासुताचे फास एकमेकांत अडकवून ते सांधतो. घर मात्र असे सांधता येत नाही. भिंती आल्या, शेजार, बाजाराचा वार, मागांचा खटखटाट गावीच राहिला.

उखडून आणलेले घर हे घर नव्हे, असे म्हणणारे चुकत नाहीत. पण आमच्याकडचे वाडे पडताना ज्याने पाहिले, तो हे फार जोराने म्हणणार नाही. त्यांच्या चौकटी नि कड्या सुट्या विकल्या गेल्या. कोणती कोणत्या घरची, हे सांगायला कोणी उरले नाही. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात आणून उभे केले, म्हणून तो निदान पाहता येतो.