ढगाचं डोकं

परवा मी ढगाचं डोकं पाहिलं. इतकी वर्षं वळिवाकडे बघत आले, पण खालून आपल्याला दिसतं ते ढगाचं नुसतं पोट!

निफाडजवळ आमचं शेत. मे महिना, काढलेला कांदा वावरात सुकत घातलेला, वर रणरणतं ऊन. "आज काही येत नाही," दादा म्हणाला. मी मोबाइलवर इन्सॅट उपग्रहांची अवरक्त चित्रं पाहत होते. ही चित्रं उजेडाची नसतात, उष्णतेची असतात. तापलेली जमीन काळीभोर दिसते आणि ढग जितका थंड तितका पांढरा. अडीचच्या चित्रात येवल्याच्या अलीकडे मोहरीएवढा ठिपका. पाव तासाने ज्वारीच्या दाण्याएवढा. तीनच्या चित्रात बोराएवढा, आणि पांढराफटक!

त्या पांढरेपणाचा अर्थ उमगला तेव्हा अंगावर काटा आला. वर जावं तशी हवा किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे माथा किती थंड हे कळलं की ढग किती उंच तेही कळलं! उणे 60 अंश म्हणजे माथा 13 किलोमीटरच्या आसपास, एव्हरेस्टच्या जवळजवळ दीडपट. आणि पाव तासात तो झपाट्याने थंडावत असेल, तर आत गरम हवा उसळ्या मारत वर निघाली आहे. थेंब पडायच्या आधी, वीज कडाडायच्या आधी, कधीकधी तर थेंब मोठे होऊन रडारला नीट दिसायच्याही आधी ही वाढ वरून टिपता येते. वरून म्हणजे 36,000 किलोमीटरवरून! 8 सप्टेंबर 2016 ला श्रीहरिकोट्याहून गेलेला इन्सॅट-3डीआर आणि 2024 च्या फेब्रुवारीत गेलेला इन्सॅट-3डीएस पृथ्वीच्या वेगानेच फिरतात, म्हणून आपल्या डोक्यावरून हलत नाहीत. हवामान खातं ही चित्रं, रडार आणि विजांच्या नोंदी एकत्र करून पुढच्या तीन तासांचा नाऊकास्ट देतं. तो मेसेज मी किती वेळा न वाचता सरकवलाय!

चांदवडकडेही एक ठिपका उगवला होता. तो पुढच्या चित्रात विरून गेला. सगळेच ढग मोठे होत नाहीत, आणि कुठला होईल हे ओळखणं हीच तर खरी कसोटी. मी ते विरणंसुद्धा श्वास रोखून पाहिलं.

"दादा, ताडपत्री काढ!" मी ओरडले. तो वर बघून हसला. वहिनी मात्र उठली, आणि मग आम्ही तिघांनी पळापळ करून कांदा गोळा केला, ढीग झाकले, कडेने दगड ठेवले.

चारच्या सुमारास वारा फिरला. मातीचा वास आला आणि ताडपत्रीवर टपकन पहिला थेंब वाजला. कांदाचाळीच्या पत्र्याखाली उभ्या उभ्या दादाने माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"पुढचं चित्र किती वाजता येतं?"