काम्पेनचा ढोल

रूप म्हणाल तर यथातथाच. लाकडी पट्ट्यांचा आडवा ढोल, त्याला गुंडाळलेली लांबच लांब सेलोफेनची नळी, खाली मिठाच्या पाण्याचा टब. सेलोफेन सॉसेजच्या वेष्टनाचं, टबाला मदत गावच्या एनॅमल कारखान्याची, फिरता सांधा फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपावरून उचललेला. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, जिथे धातूचीही मारामार होती, तिथे डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली हा उसनवारीचा गडी काम्पेनच्या इस्पितळात कामाला लावला.

काम एकच, निकामी मूत्रपिंडांच्या जागी फिरत राहायचं. प्रत्येक फेरीत नळीतलं रक्त पाण्यात बुडी मारून वर यायचं. सेलोफेनच्या सूक्ष्म छिद्रांतून युरिया पाण्यात उतरायचा. रक्तपेशी आणि प्रथिनं आकारानं मोठी, ती आतच राहायची. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन. आजचं आयसीयूतलं डायलिसिसचं मशीन याच घराण्यातलं, फक्त कपडे नीटनेटके.

यश मात्र लवकर लाभलं नाही. पहिल्या पंधरा-सोळा रुग्णांत, याच्यामुळेच वाचला असं छातीठोक सांगावं असा एकही नाही. रुग्ण येत ते अगदी अखेरच्या घटकेला; ढोल थोडे दिवस मिळवून द्यायचा, तेवढ्यात मूत्रपिंडं सावरली तर ठीक.

सप्टेंबर १९४५ मध्ये आली ती सदुसष्ट वर्षांची, बेशुद्ध, नाझींना साथ दिली म्हणून तुरुंगात पडलेली बाई. ती वाचावी असं गावात फारसं कुणाला वाटत नव्हतं. ढोल अकरा तास फिरला. बाई शुद्धीवर आली आणि म्हणाली, आता मी नवऱ्याला सोडणार. सोडलंही. देवाचे आभार मानत उठणाऱ्या रुग्णांपेक्षा मला ही बाई जास्त खरी वाटते. पुढे ती सहाएक वर्षं जगली.

ढोलाची एक खोड कोल्फ यांनी फार आधी हेरली होती. नळीत शिरताना काळपट असलेलं रक्त बाहेर पडताना लालभडक दिसायचं. सेलोफेनमधून प्राणवायूही आत शिरत होता. नेमणूक मूत्रपिंडाच्या जागी, आणि हे महाशय फुप्फुसाच्या कामातही हात घालत होते! १९५० मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला गेल्यावर कोल्फ रक्तात प्राणवायू भरणाऱ्या यंत्राच्या मागे लागले.